चाळीसपैकी सात

मला कुणी आदर्श शिक्षिका म्हणालं की माझं डोकं फिरतं. निवृत्त झाले तेव्हा भिगवणला सत्कार ठेवला होता, तिथंही एकानं तेच टुमणं लावलं. शाल घेतली, नारळ घेतला आणि गप बसले. एवढ्या माणसांत तमाशा कशाला. पण छकुलीचं मी काय केलं ते त्या माणसाला ठाऊक असतं, तर त्यानं तो नारळ माझ्या हातात दिला नसता, डोक्यात घातला असता.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. डाळजच्या आत, हायवेपासून तीन किलोमीटरवर धनगरांची एक वस्ती आहे. तिथं चौथीपर्यंतची शाळा होती. खोली एक, वर्ग चार, पोरं सव्वीस. कागदावर शिक्षक दोन, पण दुसरे गुरुजी बारा महिने कुठल्या ना कुठल्या मीटिंगला. म्हणजे शाळा माझ्या एकटीच्या गळ्यात. मी मूळची बारामतीची, गणिताची आवड असलेली आणि तोंडानं फटकळ. पोरं मला टरकून असायची आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

छकुली चौथीत होती. तिची आई म्हाळसा आणि बाप दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाकडं निघायचे, ते पावसाच्या तोंडाला परत यायचे. पोरगी आज्याजवळ, सोनबा आबांजवळ राहायची. हडकुळी, केस कायम विस्कटलेले, फ्रॉकला एक बटण धड नाही. पण गणित असं की मी फळ्यावर उभी बेरीज लिहून हातावरची खडूची भुकटी झटकतेय तोवर हिचं उत्तर तयार. बाकीची पोरं पाटीवर सगळं गणित उतरवून घ्यायची. ही नुसतं उत्तर लिहायची. आधी एकक, हातचा मनात, मग दशक, मग शतक. उजवीकडून डावीकडं सरसर आकडे पडत जायचे. आपण सगळ्यांना तसंच तर शिकवतो. मला त्या पोरीचा इतका अभिमान होता की केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या, सगळ्या शिक्षकांचे कान मी तिचं नाव सांगून किटवले होते.

त्या वर्षी बारामतीच्या एका संस्थेनं एक गाडी काढली. नाव घेत नाही, माणसं चांगली होती. मोठी मॅटॅडोर, आत टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, मागं जनरेटर. बारामती आणि इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवर ती गाडी फिरायची आणि चौथीच्या पोरांची गणिताची परीक्षा कॉम्प्युटरवर घ्यायची. चाळीस गणितं, वीस मिनिटं. चोवीस बरोबर आली की पाचवीपासून दहावीपर्यंत बारामतीला वसतिगृह, शाळा, जेवणखाण, सगळं फुकट.

आमच्या वस्तीवर ही केवढी गोष्ट होती ते सांगते. पाचवीची शाळा भिगवणला, दहा-बारा किलोमीटर. एसटी वस्तीवर येत नव्हती. मुलगे कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून जायचे, पोरींचं शिक्षण चौथीला संपायचं. सोनबा आबांनी मला स्वच्छ सांगितलं होतं. त्यात आडमुठेपणा काही नव्हता. ते म्हणाले, “बाई, पोरीची तितं सोय लागली तर शिकू द्या खुशाल. न्हाय लागली तर थोरला चुलता फेब्रुवारी सरता वाड्यावर जाणार हाय, त्याच्यासंगं धाडतो. म्हाळसाला हाताखाली कुणीतरी पायजेच.” वाडा म्हणजे मेंढरांचा तळ. एकदा पोरगी त्या मेंढरांमागं गेली की पुस्तकाशी संबंध संपला. आतापर्यंत चार पोरी मी तशा जाताना बघितल्या होत्या.

म्हणून मी पंधरा दिवस आधीपासून कंबर कसली. कॉम्प्युटरवर आकडे इंग्रजी असतात, आणि माझ्या पोरांना माहीत मराठी. बुटाचा एक खोका फाडला, त्यावर शून्यापासून नऊपर्यंत इंग्रजी आकड्यांची बटणं काढली आणि रोज तासभर पोरांकडून दाबून घेतली. मी म्हणायची पाच, पोरानं पाचवर बोट ठेवायचं. मी म्हणायची आठ, आठवर बोट. आठवड्यात सगळी पोरं तरबेज झाली. मला वाटलं, मी काय हुशार. कॉम्प्युटरची अडचण ओळखली आणि सोडवलीसुद्धा. दोन अंकी आकडा मात्र एकदाही त्या पुठ्ठ्यावर दाबून घेतला नाही. सुचलंच नाही.

डिसेंबरात गाडी आली. चालवणारा अल्ताफ नावाचा मुलगा होता, बारामतीचाच, एमआयडीसीत काम करणाऱ्याचा पोरगा, पंचविशीतला. बोलायला मऊ. त्यानं सांगितलं, एका वेळी एकच मूल आत येईल आणि शिक्षकांनी बाहेर थांबायचं. पाटी न्यायची तर नेऊ द्या म्हणाला. दादासो नावाचा एक पोरगा होता, मंद म्हणवत नाही, पण सावकाश. तो पाटी घेऊन आत गेला. प्रत्येक गणित पाटीवर करायचं, पुसायचं, मग बघून बघून बटणं दाबायची. वीस मिनिटं पुरी लागली त्याला. एकतीस आली. मी उडालेच.

छकुलीला म्हटलं पाटी घे. ती म्हणाली, “पाटी कशाला, बाई? हितं बटणं हायत की.” मलाही हसू आलं.

नऊ मिनिटांत बाहेर आली. नऊ मिनिटांत चाळीस गणितं. तिच्या मागोमाग अल्ताफ दारात आला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, सात. मला वाटलं तो सदतीस म्हणाला, मलाच नीट ऐकू आलं नाही. आत जाऊन बघितलं. पडद्यावर चाळीसपैकी सात, आणि वर एक गोल पिवळं रडकं तोंड. गाडीच्या दाराला पोरं लोंबकळत होती, त्यांनीही बघितलं. दिवसभर वस्तीवर पोरं तिला रडकं तोंड करून दाखवत होती.

आता इथं माझं खरं पाप सुरू होतं. चार वर्षं ती पोरगी माझ्या डोळ्यांसमोर होती. तिचं गणित मला माहीत होतं. कॉम्प्युटर मला एक दिवस माहीत. तरी मी विश्वास कुणावर ठेवला? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, कारण मी सगळीकडं तिचं कौतुक करून बसले होते आणि आता दुसऱ्या शाळांचे शिक्षक मला विचारणार होते, काय हो बाई, तुमची ती हुशार पोरगी? वर संस्थेच्या साहेबांनी परीक्षेनंतर शिक्षकांच्या मीटिंगमध्ये असंही सांगितलं की काही मुलं वरवर चलाख दिसतात, भराभर उत्तरं फेकतात, पण पाया कच्चा असतो. माणसाला ते कळत नाही, मशीन बरोबर पकडतं. मशीनला काही लागाबांधा नसतो. मला ते इतकं पटलं की मी वहीत लिहून घेतलं.

नापास झालेल्यांना आणखी एक संधी होती. शिक्षकानं पत्र दिलं तर फेब्रुवारीत मूल बारामतीला आणून परत बसवायचं. मी पत्र दिलं. आबांना सांगितलं, दोन महिने थांबा, मी पोरीचा पाया घट्ट करून घेते. आबा म्हणाले, तुमचा शब्द हाय तर थांबतो.

मग मी पाया घट्ट केला. छकुलीला दुसरीच्या पोरांच्यात बसवलं. आगपेटीच्या काड्या, दहाचे गठ्ठे, सुट्या काड्या. प्रत्येक गणित आधी काड्यांनी, मग बोटांनी, मग पाटीवर, आणि मग उलटं करून ताळा. पहिल्या दिवशी मी सत्तावीस अधिक पंधरा म्हटलं, तिनं तोंडातून बेचाळीस काढलं आणि मी तिच्या हातावर पट्टी मारली. उत्तर बरोबर होतं. पण मी तिला घाईबद्दल मारत होते. मी म्हटलं, घाईनंच तुझं वाटोळं केलंय. आधी कर, मग तपास, मग परत तपास, मग बोल. जेव्हा जेव्हा ती लगेच बोलली तेव्हा तेव्हा पट्टी. दोन आठवड्यांत ती लगेच बोलायची थांबली. महिन्याभरात ती बोलण्याआधी माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मला वाटायचं, चला, पोरगी विचार करायला लागली.

जानेवारीच्या शेवटी एकदा तिनं मला विचारलं, सात आणि पाच बाराच ना, बाई? मी म्हटलं, मोजून बघ. तिनं मोजून बघितलं. तेव्हाही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

दुसऱ्या परीक्षेच्या पाच दिवस आधी बारामतीला संस्थेत शिक्षकांची मीटिंग झाली. निघताना प्रत्येकाला आपापल्या शाळेचे कागद दिले. पोरांनी कुठल्या गणिताला काय उत्तर दाबलं ते छापलेले, दोन्ही कडांना भोकं असलेले लांबलचक कागद. मी भिगवणपर्यंत एसटीनं आले आणि स्टँडवर बाकावर बसून कागद उलगडले. छकुलीचा पहिला काढला.

सत्तेचाळीस अधिक पंचवीस. उत्तर सत्तावीस, चूक. अडतीस अधिक सव्वीस. उत्तर सेहेचाळीस, चूक. एक्क्याण्णव वजा अठ्ठावीस. छत्तीस, चूक. मला काही कळेना. मग चौतीस अधिक सव्वीसपाशी आले. तिथं उत्तर छापलं होतं, आधी शून्य, मग सहा. असा आकडा कुठलंही पोर लिहीत नाही. मी त्या शून्याकडं बघत बसले. साठ. तिनं साठ लिहिले होते. आधी एकक, मग दशक, जसं पाटीवर लिहायची तसंच, जसं मी चार वर्षं शिकवलं तसंच. पाटीवर एककानंतर हात डावीकडं सरकतो. कॉम्प्युटरवर बटण दाबलं की आकडा उजवीकडं सरकतो. बाहत्तरचे सत्तावीस, चौसष्टचे सेहेचाळीस, चारशे पंधराचे पाचशे चौदा. तिची नजर बटणांवर, पडद्यावर ते इंग्रजी आकडे, तिला कसं कळणार काय झालं ते.

सात बरोबर कुठली ते बघितलं. चार उत्तरं एक अंकी होती. बाकी तीन चव्वेचाळीस, सहासष्ट आणि एकशे एकवीस. उलटी लिहा नाहीतर सुलटी, तीच. मग बाकीचे तेहेतीस मी एकेक करून उलटे वाचले. चाळीसच्या चाळीस बरोबर होती. दादासो पाटीवरचं पूर्ण उत्तर बघून दाबत होता म्हणून पास झाला. ज्यांना पाटी लागत नव्हती ती पडली. दोन एसट्या माझ्यासमोरून गेल्या आणि मला चढता आलं नाही. तिथं बसून मी मोठ्यानं रडले. शेजारच्या बाईनं विचारलं कुणी गेलं का.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी छकुलीला बोलावलं, कागद पुढं ठेवला आणि सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, तू चुकलीच नव्हतीस गं. आकडे उलटे पडले एवढंच. तिनं कागद बघितला, मान हलवली. मग हळूच म्हणाली, “बाई, मला वाईट वाटू नये म्हणून म्हणताय ना?”

चार दिवस होते माझ्या हातात. काड्या कोपऱ्यात टाकल्या, पट्टी मोडली, तिच्यासमोर मोडली. म्हटलं, कर बरं पहिल्यासारखं, भराभर. आठ आणि सहा? तिची बोटं फ्रॉकच्या घेरात शिरली. मी म्हटलं, बोटं नकोत, सांग. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मी हसून बघितलं, समजावून बघितलं, शेवटी ओरडले, आणि ओरडल्यावर तर ती पारच मिटली. चौदा एवढं उत्तर तिच्या तोंडून यायला मिनिट लागलं. बरोबर यायचं. प्रत्येक उत्तर बरोबर यायचं. पण ते येईपर्यंत ती तीनदा मागं जायची. दोन महिन्यांत मी जे शिकवलं होतं ते तिनं माझी चांगली विद्यार्थिनी म्हणून पक्कं शिकून घेतलं होतं.

परीक्षेच्या दिवशी सोनबा आबाही आले. धुतलेलं धोतर, नवं मुंडासं. एसटीत पोरीला खिडकीशी बसवलं. बारामतीला संस्थेत एका खोलीत कॉम्प्युटर होता आणि अल्ताफच होता. त्याला मी कागद दाखवला. तो बराच वेळ कागदाकडं बघत राहिला, मग म्हणाला की साहेबांना तो सांगेल, पण आजच्या यादीपर्यंत काही होईलसं वाटत नाही. त्याचा चेहरा पडला होता. मला म्हणाला, बाई, तुम्ही आत थांबा, मी काही बोलत नाही.

म्हणून मी सगळं बघितलं. पहिलं गणित आलं, छत्तीस अधिक एकोणतीस. तिनं टेबलाखाली बोटं मोजली. परत मोजली. मग वजाबाकी करून ताळा बघितला, ओठ हलत होते. बोट सहावर नेलं, मागं घेतलं, माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, जोरात हलवली. तिनं सहा दाबलं, मग पाच. पासष्ट. बरोबर, सुलट. पुढचं गणित. पुन्हा बोटं. दर गणिताला पावणेदोन-दोन मिनिटं. मला वाटत होतं तिला बाजूला सारून मीच बटणं दाबावीत. अल्ताफ भिंतीकडं तोंड करून उभा होता. वीस मिनिटं झाली, गणितं आपोआप बंद झाली.

अकरा. केली तेवढी सगळी बरोबर. एकोणतीस गणितांना तिचा हातही लागला नव्हता. वर तेच रडकं तोंड.

आम्ही बाहेर आलो. आबा पायरीवर बसले होते, उठून उभे राहिले. मी काही बोलायच्या आत छकुलीनं त्यांचा हात धरला. दोन महिन्यांत मी तिला इतकी खुशीत बघितली नव्हती.

“आबा, मागच्या बारीला सात व्हती. आता अकरा आली. चारनं वाढली. बाईंनी शिकवलं म्हणून.”

आबांनी मला विचारलं, अकरावर भागतंय का. मी म्हटलं, नाही. मग त्यांनी मुंडासं नीट केलं आणि माझ्यापुढं हात जोडले. म्हणाले, “असू द्या, बाई. तुमी लई कष्ट घेतलं पोरीसाठी. तिच्याच डोक्यात न्हाय, त्याला तुमी तरी काय करणार.”

कागद माझ्या पिशवीत होता. तिथंच काढून म्हणायला हवं होतं की आबा, हिच्या डोक्यात सगळं होतं, मी काढून टाकलं. आबांना लिहितावाचता येत नव्हतं, पण माझा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नव्हता. त्यांनी ऐकलं असतं. कदाचित पोरीला वर्षभर ठेवूनही घेतलं असतं. छकुली माझ्याकडं बघत होती, तिलाही माझ्याच तोंडून ऐकायचं होतं.

मी म्हटलं, “व्हय, आबा.”

चौथ्या दिवशी चुलता तिला घेऊन वाड्यावर गेला.